किरणांचा बोजा आणि कोरा उतारा

महसूल खात्यात छत्तीस वर्षे तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले माझे एक स्नेही आहेत. सारे गाव त्यांना आजही ‘भाऊसाहेब’च म्हणते, आणि त्यांच्या दप्तराची टापटीप अशी की, चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या गटाला कोणाचे नाव लागले आणि कोणत्या फेरफाराने ते कमी झाले, हे ते अजूनही वही न उघडता सांगतात. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी ते ओसरीवर आपली जुनी आखीव वही घेऊन बसले असता त्यांना असे दिसले की, पानावरचे उभे रकाने मध्येच पोटात वाकल्यासारखे झाले आहेत. त्यांनी प्रथम वहीला दोष दिला, मग चष्म्याला. चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून झाला, वही उजेडाकडे धरून झाली, आणि शेवटी सहज म्हणून डावा डोळा तळहाताने झाकला, तेव्हा रकाने अधिकच वाकले. उजवा झाकला, तेव्हा ते ओळंबा लावल्यासारखे सरळ झाले. दोष वहीत नव्हता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी साखर तपासली. भाऊसाहेबांचा मधुमेह बारा वर्षांचा, वय सत्तरीच्या आसपास, नजर मंदावलेली. यापुढे निदानाला काय अडचण? ‘काका, साखर डोळ्यांवर आली आहे, पथ्य सांभाळा,’ असे सांगून त्यांनी गोळ्या वाढवून दिल्या. पाच महिन्यांत साखर ताळ्यावर आली, डोळा मात्र आला नाही. अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी एका नेत्रतज्ज्ञ बाईंनी थेंब घालून, बाहुली मोठी करून, आतला पडदा पाहिला, आणि त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. मधुमेह सहसा दोन्ही डोळ्यांना सारखाच गाठतो. मग उजव्या डोळ्यात रक्ताचे ठिपके, कापसाच्या पिंजल्यासारखे पांढरे पुंजके आणि पीतबिंदूवर सूज, आणि डावा डोळा मात्र धुतल्या तांदळासारखा, हे कसे? त्यांनी विचारले, ‘काका, चेहऱ्यावर कधी लाईट घेतली होती का?’

घेतली होती. सुमारे अडीच वर्षांपूर्वी उजव्या गालफडाच्या हाडामागील पोकळीत कर्करोगाची गाठ निघाली, ती शस्त्रक्रियेने काढली, आणि मागे काही राहू नये म्हणून सहा आठवडे किरणोपचार झाला. गाठ जी गेली ती आजपर्यंत परत आलेली नाही, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु बाईंचा पुढचा प्रश्न होता, ‘एकूण डोस किती होता, रोजचा किती होता, आणि डोळ्याला त्यातला किती मिळाला?’ भाऊसाहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून इस्पितळाचे निरोपाचे कार्ड काढून पुढे केले. त्यावर किरणोपचाराविषयी दोनच शब्द होते: ‘आर.टी. कम्प्लीटेड’. ज्या गृहस्थाने आयुष्यभर गुंठ्या-गुंठ्याचा हिशेब ठेवला, त्याच्या स्वतःच्या शरीराचा हिशेब या दोन शब्दांत आटोपला होता.

किरणोपचाराविरुद्ध फिर्याद करण्याचा माझा हेतू नाही. कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा किरणोपचाराची गरज लागते, आणि मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे दार उघडल्यापासून आजवर या उपचाराने किती घरांतला कर्ता माणूस परत घरी गेला, याची मोजदाद करणे कठीण आहे. माझे म्हणणे त्याहून लहान आणि, माझ्या मते, अधिक निकडीचे आहे. जमिनीवर सोसायटीचे कर्ज काढले की गाव नमुना सातच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. तो कोणाचा, कितीचा आणि कोणत्या फेरफाराने चढला हे कोणाही खातेदाराला उतारा काढून पाहता येते. शरीरावर चढविलेला किरणांचा बोजा तर पुरता कधीच कमी होत नाही. मग त्याचा उतारा खातेदाराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत, उपचार संपल्याच्या दिवशीच का पडू नये?

आपल्याकडे रुग्ण या उपचाराला ‘लाईट’ म्हणतात, ‘शेक’ म्हणतात. त्यांतला ‘शेक’ हा शब्द मोठा फसवा आहे. शेकाला ऊब असते, चटका असतो, आणि चटका बसला की हात आपोआप मागे येतो. इथे तसे काहीच घडत नाही. गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार प्लास्टिकचा पत्रा चेहऱ्यावर दाबून त्याचा साचा करतात. रोज तो साचा तोंडावर चढवून मेजाला खिळवितात, म्हणजे माणूस तसूभरही हलू नये. मग सर्व मंडळी बाहेर जातात, जाड दार लागते, यंत्र काही मिनिटे घोंघावते, आणि ‘झालं, उठा’ असा आवाज येतो. भाऊसाहेब म्हणतात की, त्यांना पहिले पंधरा दिवस यंत्र बिघडले असावे असा संशय होता. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या परिमाणात मोजतात. एक किलोग्रॅम वजनाच्या पेशीसमूहात एक ज्यूल ऊर्जा जिरली की तो एक ग्रे. अशा उपचारात साधारणपणे दिले जाणारे साठ ग्रे जर एकाच वेळी पाण्यात जिरविले, तर त्या पाण्याचे तापमान एका अंशाच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याने वाढेल. चहाच्या पेल्यात त्याचा मागमूसही लागणार नाही. तथापि याच ऊर्जेचे चार-पाच ग्रे सबंध शरीरावर एकदम पडले, तर उपचाराविना सुमारे निम्मी माणसे दगावतात. म्हणजे करामत उष्णतेची नाही. ती आहे पेशीच्या गाभ्यातील डीएनएच्या गोफाचे दोन्ही पदर एकाच ठिकाणी तोडण्याची, आणि तो गोफ तुटल्याची वेदना कोणालाही होत नाही.

किरणांनी डोळ्यांचा घास घ्यावा, ही हकीकत जवळजवळ किरणांइतकीच जुनी आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्ग येथे रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, तीन वर्षांनी क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मेरी क्यूरी यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. जगात दोनदा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या विदुषीने आपली ही अवस्था लोकांपासून लपविली. व्याख्यानाची टिपणे मोठमोठ्या अक्षरांत लिहिली, उपकरणांच्या तबकड्यांवर रंगीत खुणा केल्या, आणि शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल होताना नावही दुसरे दिले. मोतीबिंदूचे एक बरे असते की, तो काढता येतो. नेत्रभिंग हे शरीरातील अत्यंत हळव्या अवयवांपैकी एक असल्याचे आता सर्वमान्य आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने त्याची धोक्याची मर्यादा अर्ध्या ग्रेवर आणून ठेवली, आणि किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्टची जी मुभा होती ती सरासरी २० वर उतरविली. मोतीबिंदूविषयी इतके पुरे. महाराष्ट्रात त्याची शिबिरे गावोगाव भरतात.

खरी अडचण भिंगाच्या मागे सुरू होते. दृष्टिपटलाला किरणांनी होणाऱ्या इजेचे पहिले वर्णन इंग्लंडमध्ये स्टॅलार्ड या नेत्रशल्यविशारदाने १९३३ मध्ये केले. लहान मुलांच्या डोळ्यांतील गाठींवर तो रेडॉनच्या बीजांनी उपचार करीत असे. (हाच गृहस्थ १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवून आलेला होता. त्या काळच्या माणसांना दोन-दोन आयुष्ये जगायला वेळ कसा मिळे, कोण जाणे.) पटलाच्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे आतले अस्तर किरणांनी झिजते, रक्त झिरपते, कुठे प्रवाह थांबतो, आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे निसर्ग घाईघाईने नव्या पण तकलादू वाहिन्या उगवितो. मधुमेहात ऱ्हासाची सुरुवात वाहिन्यांच्या दुसऱ्या पेशींपासून होते, परंतु दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी येतात. म्हणूनच नुसत्या पडद्याकडे पाहून हा मधुमेह की किरण, हे अनुभवी डॉक्टरालाही सांगणे जड जाते, आणि ज्याला दोन्ही आहेत त्याचा डोळा तर दोन सावकारांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतासारखा असतो. आपल्या राज्यात मधुमेह किती घरांत आहे हे वाचकांना सांगायला नको. सुमारे ४५ ते ५० ग्रेपर्यंतची मात्रा पटलाला मिळाली की ही भीती खरी होऊ लागते, आणि ती सहा महिन्यांपासून तीन वर्षांच्या मुदतीत केव्हाही उगवते.

नेत्रमज्जेची, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दोरीची गोष्ट याहून वाईट. तिथे सूज नाही, ठणका नाही, लाली नाही. उपचारानंतर बहुधा वर्ष-दीड वर्षाने, क्वचित कितीतरी वर्षांनी, एका डोळ्यापुढचा उजेड काही दिवसांत किंवा आठवड्यांत मावळतो, आणि स्टेरॉइड, दाबाखालचा प्राणवायू, सुयांवाटे औषधे असे अनेक उपाय करून पाहिले तरी खात्रीचा म्हणावा असा उपाय अद्याप हाती आलेला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी जुन्या अनुभवाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला त्यात असे दिसले की, ५५ ग्रेच्या आत ही आपत्ती विरळा, ५५ ते ६० च्या दरम्यान शंभरात तीन ते सात जणांना, आणि ६० च्या पलीकडे सात ते वीस जणांना येते. आणि इथेच एकूण मात्रेचा आकडाही पुरेसा नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फ्लॉरिडा विद्यापीठातील डॉक्टरांनी १९९४ मध्ये आपल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे ठेवलेला हिशेब मांडला. ज्यांच्या नेत्रमज्जेला ६० ग्रे किंवा अधिक मात्रा मिळाली होती त्यांच्यात, रोजचा हप्ता १.९ ग्रेपेक्षा कमी असेल तर पंधरा वर्षांतील धोका शेकडा ११, आणि हप्ता १.९ किंवा अधिक असेल तर शेकडा ४७ निघाला. एकूण मात्रा दोन्हीकडे भारीच. पण धोका चौपटीहून अधिक वाढविला तो हप्त्याच्या आकाराने. कर्जाची रक्कम सांगितली आणि हप्ता सांगितला नाही, तर कोणता जामीन त्या कागदावर सही करील?

हप्त्याने किरण देण्याची ही युक्ती मुळात पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधील क्लोद रेगो यांच्या मेंढ्यांवरील प्रयोगांतून आली. एकाच दणक्यात नर मेंढा निर्बीज करू गेले तर त्याची कातडी जळे. तीच मात्रा काही दिवसांत वाटून दिली की कातडी शाबूत राही आणि काम होई. त्याच संस्थेत आंरी कुतार यांनी घशाच्या कर्करोगावर हीच रीत लागू करून रुग्ण बरे करून दाखविले. कारण असे की, कर्कपेशीला विभाजनाची घाई असते. तुटका गोफ घेऊन ती विभागू पाहते आणि मरते, तर निरोगी पेशीसमूहाला दोन हप्त्यांच्या मधल्या अवकाशात डागडुजी करायला सवड मिळते. जी पेशी जितकी लगबगीने विभागते तितकी ती किरणांना हळवी, असा नियम बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच जोडीने १९०६ मध्येच मांडला होता. आणि मज्जापेशी तर प्रौढपणी विभागतच नाही, तेव्हा मेंदू आणि मज्जा किरणांना दाद देत नाहीत, अशी समजूत पुढे बराच काळ चालली. चूक अशी झाली की, मज्जापेशी एकटी जगत नाही. तिला रक्त पोहोचविणाऱ्या बारीक वाहिन्या आणि तिच्या धाग्यांवर मेदाचे आवरण चढविणाऱ्या पेशी सावकाश का होईना बदलत असतात. त्यांची झीज भरून निघाली नाही, हे कळायलाच महिने आणि वर्षे जातात. वसुली होते, पण तहसिलीच्या नोटिशीशिवाय.

याचा पुरावा इंग्लंडातील काही स्त्रियांनी आपल्या देहाने दिला. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेऊन बऱ्या झालेल्या या स्त्रियांच्या हाताला काही वर्षांनी मुंग्या येऊ लागल्या, मग बोटांतून सुई सुटू लागली, मग हात लुळा पडून गळ्यात बांधून फिरण्याची पाळी आली. खांद्याजवळ हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जे जाळे असते तेच जळाले होते. त्यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ‘रेज’ नावाची संघटना उभारून दाद मागितली, आणि तेथील किरणतज्ज्ञांच्या राजमान्य संस्थेला १९९५ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करावा लागला. छातीला आणि काखेला वेगवेगळ्या झोतांनी किरण देताना मधल्या वेळात रुग्णाची बैठक हलविली गेली की झोत एकमेकांवर चढतात आणि त्या पट्ट्याला दुहेरी मात्रा मिळते, ही त्यातून पुढे आलेली एक गोष्ट. कोणाचा दोष किती, हे ठरविण्यासाठी ज्या कागदांची गरज पडली ते इस्पितळांच्या कपाटांत होते, बायकांच्या घरी नव्हते.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अपघात निराळा आणि किंमत निराळी. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जिभेच्या कर्करोगाच्या एका रुग्णावर उपचार करताना संगणक मध्येच बंद पडला, झोताला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या उघड्याच राहिल्या, आणि ही चूक लागोपाठ तीन दिवस कोणाच्या लक्षात आली नाही. त्याचे कान गेले, दृष्टी जवळजवळ गेली, आणि दोन वर्षांनी तो वारला. तो अपघात होता. भाऊसाहेबांच्या बाबतीत कोणाची चूक झाली असे मला वाटत नाही. गाठीची कड डोळ्याच्या खोबणीला लागलेली असताना डोळा वाचविण्यासाठी ती कड सोडून दिली असती, तर आज डोळा शाबूत राहिला असता आणि डोळ्याचा धनी राहिला नसता. डॉक्टरांनी योग्य सौदा केला. माझा आक्षेप सौद्याला नाही, खरेदीखताची नक्कल न देण्याला आहे. आणि सौदा होण्यापूर्वी तो समजावून न देण्यालाही: भाऊसाहेबांनी सही केलेले संमतीपत्र इंग्रजीत होते, आणि त्यात दृष्टीचा उल्लेख असलाच तर तो त्यांना कोणी वाचून दाखविला नाही. महसुली जबाबाखाली ‘हा जबाब मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे’ हे वाक्य लिहिल्याशिवाय त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात कोणाचा अंगठा घेतला नव्हता.

कागद इस्पितळात असतो, हवा तेव्हा मागून घ्यावा, असे कोणी म्हणेल. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवण्याची आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देण्याची तरतूद आहे. हा नियम वाचून मी थक्क झालो. एक तर किरणोपचार घेणारा बहुसंख्य रुग्ण आंतररुग्ण नसतोच. तो रोज येतो आणि जातो, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेसारख्या ठिकाणी पथारी टाकतो आणि सकाळी परळला रांगेत उभा राहतो. दुसरे असे की, ज्या इजेची मुदत सहा महिन्यांपासून दहा-दहा वर्षांपर्यंत आहे, तिचा पुरावा तीन वर्षांनी रद्दीत घालायला हरकत नाही, असा याचा अर्थ होतो. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची नोंदवही कोणी तीन वर्षांनी जाळली असती तर त्याच्यावर फौजदारी झाली असती.

मोठी इस्पितळे नियमापेक्षा अधिक करतात, हे मला ठाऊक आहे; आणि लहान मुलांच्या बाबतीत तर टाटा स्मारकाने १९९१ पासूनच उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवून मोठे काम केले आहे. मुलांना याची गरज कितीतरी अधिक. रक्ताच्या कर्करोगात मेंदूत रोग दडून बसू नये म्हणून पूर्वी सबंध मेंदूला २४ ग्रे देत. मग बुद्धीवर होणारा परिणाम पाहून ते १८ वर आले, आणि आता बहुतेक मुलांत ते औषधांवर भागवितात. पण ज्यांना त्या काळी किरण दिले गेले ती मुले आज मोठी झाली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला गणित जमेना, वेग येईना, उंची खुंटली, तर शाळेत मास्तरांनी त्याला आळशी ठरविले असणार; पीयूषिका ग्रंथीवर किरण पडले होते हे मास्तरांना कोण सांगणार? तेवढा एक कागद घरात असता तर निदान बापाने छडी तरी उगारली नसती.

याहून रोजच्या व्यवहारातली निकड म्हणजे दुसऱ्यांदा द्यायच्या किरणांची. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाला जो ऊत आणला आहे, त्यातून बऱ्या झालेल्या माणसाला काही वर्षांनी शेजारीच नवी गाठ येणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पहिला उपचार मुंबईला, दुसरा बार्शीला किंवा नागपूरला. मेरुरज्जूला ४५ ते ५० ग्रेपर्यंत सहसा धोका नाही, ६० ला शंभरात सुमारे सहा जणांचे पाय जाण्याची भीती. मग नव्या डॉक्टराने त्या रज्जूच्या खात्यावर आधीची किती रक्कम पडली आहे हे कशावरून ठरवावे? तो अंदाज करतो. अंदाज जास्तीचा केला तर गाठीला मात्रा कमी पडते, कमीचा केला तर पाय जातात. आणि गंमत अशी की, हा सारा तपशील पहिल्या इस्पितळाच्या संगणकात दशांश चिन्हापर्यंत नोंदलेला असतो. कोणत्या अवयवाच्या किती भागाला किती ग्रे मिळाले याचा आलेख काढल्याशिवाय आजकाल उपचार सुरूच होत नाही. खारघरला प्रोटॉनचे यंत्र आले, झोत सुईसारखे बारीक झाले, डोळ्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागते; या प्रगतीने नोंदीची गरज कमी झाली असे मानण्याचे कारण नाही.

यावर डॉक्टर मंडळींकडून जे आक्षेप येतात ते मी ऐकले आहेत. रुग्ण घाबरेल. वेळ नाही. कागद हरवेल. आणि चौथा, जो मोठ्याने बोलला जात नाही: उद्या वकील तो कागद घेऊन उभा राहील. रुग्ण घाबरण्याचे म्हणाल तर, ज्याने कर्करोग हा शब्द पचविला त्याला ‘सहा महिन्यांनी डोळा दाखवीत जा’ हे वाक्य पचविता येत नाही, हे मला पटत नाही. वेळेचा प्रश्न संगणकाची एक कळ दाबण्याचा आहे. कागद हरविण्याविषयी तर एवढेच सांगतो की, ज्याला अक्षर ओळखता येत नाही अशा शेतकऱ्याच्या घरीही देव्हाऱ्यामागे किंवा ट्रंकेच्या तळाशी आजोबाच्या वेळचा उतारा घडीवर घडी घालून जपलेला मी पाहिला आहे. ज्या कागदाचे मोल माणसाला समजते तो हरवत नाही, ‘आर.टी. कम्प्लीटेड’ असा कागद खुशाल हरवो. वकिलाच्या भीतीला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते असण्याची गरजही मला वाटत नाही.

उपाय खर्चाचा नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली गोरगरिबांच्या किरणोपचाराचे बिल सरकार भरते. सरकारने एवढाच हुकूम काढावा की, एका पानाचा मराठी उतारा रुग्णाला दिल्याची त्याच्या सहीची पोच जोडल्याशिवाय ते बिल मंजूर होणार नाही. उताऱ्यात उपचाराची जागा, सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, एकूण ग्रे, रोजचा हप्ता, हप्त्यांची संख्या, आणि भिंग, दृष्टिपटल, नेत्रमज्जा, मेंदू व मेरुरज्जू यांना मिळालेली जास्तीत जास्त मात्रा, इतके असले की काम झाले. ज्यांचा झोत डोळ्याजवळून गेला आहे त्यांच्या उताऱ्यावर तांबड्या शाईत एक ओळ असावी की, पहिली काही वर्षे दर सहा महिन्यांनी थेंब घालून पडदा तपासून घ्यावा; आणि ही तपासणी व तिच्यातून निघणारी डोळ्यातील इंजेक्शने योजनेच्या खर्चात धरावीत. पडद्यावरची सूज वेळेवर दिसली तर या इंजेक्शनांनी ती पुष्कळदा उतरते. भाऊसाहेबांचे पाच महिने वाया गेले नसते तर डोळा पूर्ववत झाला असता, असा दावा मी करणार नाही. पाच महिने मात्र खात्रीने वाचले असते.

भाऊसाहेबांनी इस्पितळाला रीतसर अर्ज केला, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठविले, आणि एकोणिसाव्या दिवशी त्यांना चार पानांची रंगीत रेघोट्यांची इंग्रजी छापील प्रत मिळाली. नेत्रतज्ज्ञ बाईंनी ती वाचून पेन्सिलीने तीन आकड्यांभोवती गोल केले: उजव्या पटलाच्या मागील भागाला ५२, नेत्रमज्जेला ५४, रोजचा हप्ता २. ‘म्हणजे मज्जेवरही लक्ष ठेवायला हवं,’ एवढेच त्या म्हणाल्या. घरी येऊन भाऊसाहेबांनी फुलस्केप कागद घेतला, डावा डोळा वापरून पट्टीने रकाने आखले, आणि आपल्या वळणदार अक्षरात सारा तपशील मराठीत उतरवून ‘इतर हक्क’ म्हणून एक शेवटचा रकाना पाडला. त्यात बोजाची रक्कम आहे, आणि खाली पुढच्या इंजेक्शनाची तारीख.

हे गावात कळल्यापासून त्यांच्या ओसरीवर आणखी दोघे येऊन गेले. एक सुताराच्या घरातली सासूबाई, छातीला लाईट घेतलेली. दुसरा विशीतला मुलगा, त्याला पाचव्या वर्षी डोक्याला दिलेली. भाऊसाहेबांनी दोघांसाठी कागद आखून ठेवले आहेत, नाव, वय आणि गाव लिहिले आहे. सासूबाईंच्या इस्पितळाकडून अर्जाची पोचसुद्धा आलेली नाही. मुलाचे कागद मुदत संपल्याने नष्ट केल्याचे उत्तर आले आहे. ते उत्तर भाऊसाहेबांनी कोऱ्या उताऱ्याला टाचणीने जोडून ठेवले आहे.